चिऱ्याच्या भिंतीला सिलेन: हे रसायन नक्की काय, बनतं कसं, आणि आपल्या पावसात टिकतं का?

बांदोड्याची_लेक
नमस्कार मंडळी. गोव्यात बांदोड्याला आमचं घर आहे, आजोबांनी बांधलेलं, सगळं चिऱ्याचं, म्हणजे जांभ्या दगडाचं. पुढच्या बाजूला चुन्याचा गिलावा आहे पण पश्चिमेची भिंत उघड्या चिऱ्याची, आणि पाऊस तिरका येतो तो नेमका तिच्यावरच. आजी होती तोवर मे संपायच्या आत त्या भिंतीला माडाच्या चुडतांची झापं बांधली जायची, आता विणणारं कोणी उरलं नाही. तीन वर्षांपूर्वी एका कंत्राटदाराने चकचकीत वॉटरप्रूफ कोट मारून दिला. पहिला पावसाळा छान गेला, दुसऱ्यात देवघराच्या आतल्या बाजूने लोणा, म्हणजे पांढरं मीठ, फुटला, आणि आता तो कोट सालीसारखा सुटतोय आणि सुटताना चिऱ्याचा पापुद्रा सोबत घेऊन येतोय. हात लावला की लाल भुगा पडतो, बघवत नाही.

आता दोघांना बोलावलं होतं. एक म्हणतो सिलेनचं क्रीम लावा, दुसरा म्हणतो पाण्यात मिसळायचं सिलिकोन मारतो, दोघांच्या दरात चौपट फरक. यात असतं काय असं विचारलं तर दोघांचं उत्तर एकच, "केमिकल असतं ताई". एकदा फसलेय म्हणून या वेळी समजून घेतल्याशिवाय भिंतीला काही लावू देणार नाही. ही रसायनं म्हणजे काय, बनतात कशी, चिऱ्यावर चालतात का? बारावीपर्यंत सायन्स होतं, त्यामुळे थोडं खोलात सांगितलंत तरी चालेल.

पर्वरीकर
रसायनाकडे जायच्या आधी एक सांगा, ओल वरून उतरते की खालून चढते? जोत्यापासून तीन-चार फुटांपर्यंतच ओलीची रेघ असेल तर ते जमिनीतलं पाणी आहे, त्यावर बाहेरून काहीही लावलंत तरी उपयोग नाही. आणि पावळीचं पाणी भिंतीच्या बुडाशी पडतंय का तेही बघा, कौलं दोन ओळी पुढे घेऊन अर्धं दुखणं गेलेली घरं मी पाहिलीत.

बांदोड्याची_लेक
@पर्वरीकर दादा, ओल माणसाच्या उंचीच्या वर जास्त आहे, खिडकीच्या बाजूने. खाली जोतं काळ्या दगडाचं आहे, तिथे कोरडं असतं.

सिलिकावाला
ताई, प्रश्न आवडला. माझी बावीस वर्षं रेझिन आणि कोटिंगच्या कारखान्यात गेली, सिलेनची पिंपं रोज हाताळली, त्यामुळे जमेल तेवढं लिहितो, लांबेल.

आधी नावांचा गुंता, कारण दुकानदारापासून कंत्राटदारापर्यंत सगळे हे शब्द एकमेकांत मिसळतात. सिलिकॉन म्हणजे मूलद्रव्य, चौदावा अणुक्रमांक, आवर्त सारणीत कार्बनच्या बरोबर खाली, करडं चमकदार. सिलिका म्हणजे त्याचं ऑक्साइड, आपली रेती, गारगोटी. सिलेन म्हणजे एका सिलिकॉन अणूभोवती चार गट असलेला लहान रेणू. अशा रेणूंनी एकमेकांना ऑक्सिजनच्या पुलाने धरलं की सिलोक्झेन, आणि त्या साखळ्या लांबच लांब झाल्या आणि त्यांच्यावर मिथाइलसारखे गट लोंबकळत राहिले की सिलिकोन, म्हणजे न्हाणीघरात टाइल्सच्या सांध्यात भरतो ते, मिक्सरच्या झाकणाचं रबर ते.

आता तुमच्या क्रीममधला रेणू. त्याचं नाव बहुतेक वेळा ऑक्टिल ट्रायइथॉक्सीसिलेन. मधे सिलिकॉन. एका बाजूला आठ कार्बनची तेलकट शेपटी, सरळ सिलिकॉनला जोडलेली. उरलेल्या तीन बाजूंना इथॉक्सी गट, म्हणजे इथाइल अल्कोहोलचे तुकडे ऑक्सिजनमार्फत जोडलेले. सगळी करामत या दोन प्रकारच्या बंधांच्या फरकात आहे. सिलिकॉन-कार्बन बंध पाण्याला दाद देत नाही, शेपटी तुटत नाही. सिलिकॉन-ऑक्सिजन-कार्बन हा जोड मात्र पाणी मिळालं की सुटतो, तीन अल्कोहोल रेणू उडून जातात आणि त्यांच्या जागी तीन ओएच, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनचे गट, येतात. त्या ओएचवाल्या बाजूने रेणू दगडाच्या पृष्ठभागावरच्या ओएचला पकडतो, शेजारच्या भावंडांनाही पकडतो, मधलं पाणी बाहेर टाकलं जातं आणि पक्का ऑक्सिजन-पूल तयार होतो. म्हणजे तीन हात दगडात रोवलेले आणि शेपटी बाहेर. दगडाच्या छिद्राच्या आतल्या भिंतीवर असा एका रेणूच्या जाडीचा थर बसला तरी पुरतं.

तुमच्या जुन्या कोटात आणि यात हाच फरक आहे. तो कोट छिद्राच्या तोंडावर बसतो, झाकणासारखा. आतली वाफ बाहेर पडू पाहते आणि झाकण उचलते, दगडाच्या पापुद्र्यासकट. सिलेन छिद्र बंद करत नाही, छिद्र उघडंच राहतं, वाफ जाते-येते, फक्त त्याच्या आतल्या बाजूला पाणी चिकटत नाही. तेऱ्याच्या, म्हणजे रानअळवाच्या, पानावरचं पाणी आठवा, तसं.

एक हिशेब करून दाखवतो म्हणजे "केमिकल" या शब्दाची भीती जाईल. या रेणूचा भार २७६. त्यातून तीन अल्कोहोल बाहेर पडतात, प्रत्येकी ४६, म्हणजे १३८, बरोबर अर्धा. पाण्यातला ऑक्सिजन थोडा आत येतो, तो धरून १०० ग्रॅम सिलेन लावलं तर भिंतीत साधारण ६० ग्रॅम राहतं. बाकी अल्कोहोल होऊन हवेत. म्हणून लावताना दारे-खिडक्या उघड्या आणि चूल, बिडी, वेल्डिंग काही जवळपास नाही.

शेवटचं_वर्ष
सर मस्त लिहिलंत! मी एमएस्सीला आहे, ताळगाव पठारावर. आम्ही प्रॅक्टिकलला टीईओएस वापरतो, टेट्राइथाइल ऑर्थोसिलिकेट. ते पण याच घरातलं ना? त्याला चारही बाजूंना इथॉक्सी असतात. मग ते भिंतीला लावलं तर?

सिलिकावाला
@शेवटचं_वर्ष त्याच घरातलं, आणि घरातलं सगळ्यात वडीलधारं. चारही गट सुटणारे, शेपटी नाहीच, त्यामुळे सगळं संपल्यावर उरते ती नुसती सिलिका. २०८ ग्रॅममधून ६० ग्रॅम. ती पाणी अडवत नाही, भुगा होऊ लागलेल्या दगडाच्या कणांना आतून सांधते. काम वेगळं. भुसभुशीत दगड घट्ट करायला टीईओएस, पाणी झटकायला शेपटीवालं सिलेन. ऑगस्ट हॉफमन या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८६१ सालीच लंडनच्या पार्लमेंटच्या झिजणाऱ्या दगडासाठी इथाइल सिलिकेट सुचवलं होतं, म्हणजे कल्पना दीडशे वर्षांहून जुनी.

तू प्रॅक्टिकलमध्ये काय काय पाहिलंस ते लिही ना, इथे वाचणाऱ्यांना डोळ्यासमोर येईल.

शेवटचं_वर्ष
हो लिहिते. टीईओएस रंगहीन, पाण्यासारखं पातळ, पाण्यापेक्षा हलकं, घनता ०.९३ च्या आसपास, उत्कलनबिंदू १६८ अंश सेल्सियस, थोडा गोडसर अल्कोहोलसारखा वास येतो पण मॅडम वास घेऊ देत नाहीत कारण डोळ्यांना आणि घशाला त्रास होतो. नुसत्या पाण्यात ओतलं तर मिसळतच नाही, तेलासारखा वेगळा थर राहतो आणि आम्हाला वाटलं की काहीच होत नाहीये. मग इथेनॉल घातलं की दोन्ही एकजीव. त्यात अमोनियाचे थेंब टाकून ढवळत ठेवलं, काही मिनिटं काहीच नाही आणि मग एकदम निळसर झाक आली आणि बघता बघता दुधासारखं पांढरं, म्हणजे सिलिकाचे एकसारखे गोल कण तयार झाले. ही श्टोबरची पद्धत, १९६८ ची. दुसऱ्या बॅचने अमोनियाऐवजी आम्ल घातलं होतं, त्यांचं पांढरं झालंच नाही, पारदर्शक राहिलं आणि दुसऱ्या दिवशी काचपात्र उलटं केलं तर हलवा थिजल्यासारखं थिजलेलं. एकच द्रव, एकच पाणी, फक्त आम्ल की आम्लारी यावर इतका फरक! त्या दिवसापासून मला हा विषय सोडवत नाही.

सिलिकावाला
हे फार महत्त्वाचं सांगितलंस, "आम्ल की आम्लारी" हा मुद्दा ताईंच्या भिंतीपाशी परत येणार आहे.

आता "बनतं कसं". हा माझा आवडता भाग.

सिलिकॉन निसर्गात मोकळा सापडत नाही, आणि सिलिकॉन-कार्बन बंध तर निसर्गाने जवळजवळ बनवलेलाच नाही, तो माणसाने बनवला. पहिली पायरी टीईओएसचीच. एबेलमन नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८४६ मध्ये सिलिकॉन टेट्राक्लोराइड आणि अल्कोहोल एकत्र केलं, हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू निघून गेला आणि हा द्रव राहिला. आजही मुळात तीच क्रिया वापरतात. खरा सिलिकॉन-कार्बन बंध आला १८६३ मध्ये, फ्रिडेल आणि क्राफ्ट्स, तेच ते ज्यांच्या नावाची अभिक्रिया बारावीला घोकतो, त्यांनी डायइथाइल झिंक वापरून टेट्राइथाइलसिलेन केलं.

मग इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमला किपिंग नावाचा रसायनशास्त्रज्ञ. चाळीस वर्षं या एका विषयात घातली, १९०४ पासून ग्रिन्यार अभिकर्मक (मॅग्नेशियमची कार्बनी संयुगं) वापरून एकामागून एक सिलेन बनवली. सिलिकोन हे नाव त्याचंच, कारण त्याला वाटलं कार्बनच्या कीटोनसारखं काहीतरी मिळेल, सिलिकॉन आणि ऑक्सिजनमधे दुहेरी बंध असलेलं. तसं काही मिळालं नाही, सिलिकॉनला ऑक्सिजनशी दुहेरी बंधापेक्षा दोन एकेरी बंध जास्त मानवतात, म्हणून साखळ्या होत गेल्या आणि त्याच्या भांड्यात चिकट डिंकासारखा पदार्थ उरत गेला. त्याला स्फटिक हवे होते, हा चिकटा त्याच्या दृष्टीने अडथळा. १९३७ च्या व्याख्यानात त्याने या क्षेत्राच्या भवितव्याबद्दल निराशाच बोलून दाखवली. आणि तीनच वर्षांत, १० मे १९४० ला, अमेरिकेत युजीन रोशाव याने तांबं मिसळलेल्या गरम सिलिकॉनवरून मिथाइल क्लोराइडचा वायू सोडला आणि मिथाइल क्लोरोसिलेन सरळ हातात आलं. जर्मनीत रिचर्ड म्युलर यानेही त्याच सुमारास स्वतंत्रपणे हेच शोधलं, म्हणून म्युलर-रोशाव प्रक्रिया. किपिंगचा तोच चिकटा आज जगभर कारखान्यांतून निघतो. मला किपिंगबद्दल नेहमी आदर वाटत आलाय, त्याने पाया घातला नसता तर रोशावला काय शोधायचं हेच कळलं नसतं.

प्रक्रिया अशी. गारगोटी आणि कोळसा विजेच्या भट्टीत २००० अंशांच्या आसपास, सिलिकॉन धातू तयार. त्याची पूड, त्यात तांब्याची पूड, साधारण ३०० अंश, खालून मिथाइल क्लोराइडचा झोत, पूड उकळल्यासारखी तरंगत राहते. बाहेर पडतं मिश्रण, बहुतांश डायमिथाइल डायक्लोरोसिलेन, म्हणजे दोन मिथाइल आणि दोन क्लोरीनवालं. खरी कसोटी पुढे. ते उकळतं ७० अंशाला आणि त्याचं भावंड मिथाइल ट्रायक्लोरोसिलेन उकळतं ६६ ला. चार अंशांचा फरक! ते वेगळं करायला ऊर्ध्वपातनाचे उंचच उंच मनोरे लागतात. वेगळं नाही केलं तर काय? दोन क्लोरीनवाल्याला दोन हात, त्याची साखळी होते, तेल होतं. तीन क्लोरीनवाल्याला तीन हात, तो घुसला की साखळ्यांचं जाळं होतं, तेल थिजतं. एका हाताच्या फरकाने तेलाचा दगड होतो.

ऑक्टिल सिलेनचा रस्ता थोडा वेगळा. सिलिकॉनवर हायड्रोजन क्लोराइड सोडून ट्रायक्लोरोसिलेन करतात, ते ३२ अंशालाच उकळतं, म्हणजे आपल्या मे महिन्यात बाटली उघडली तर उकळायलाच लागेल. (हेच शुद्ध करून सोलर पॅनेलचं सिलिकॉन बनतं.) त्यातला सिलिकॉन-हायड्रोजन बंध ऑक्टीन या आठ कार्बनच्या साखळीच्या दुहेरी बंधावर चढवायचा, त्याला प्लॅटिनमचं उत्प्रेरक लागतं, अगदी कणभर. ही स्पायर या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाची देणगी, १९५७. मग अल्कोहोल घालून तीन क्लोरीन काढायचे आणि तीन इथॉक्सी बसवायचे.

इथे कारखान्यातली एक गोष्ट सांगतो जी पुस्तकात दोन ओळींत आटोपतात. निघणारा हायड्रोजन क्लोराइड लगेच बाहेर ओढून काढावा लागतो, गरम करत, नायट्रोजन सोडत. तो आत रेंगाळला तर उरलेल्या अल्कोहोलशी भिडतो, त्यातून पाणी तयार होतं, आणि पाणी आलं की आपलं सिलेन भांड्यातच एकमेकांना धरायला लागतं. सकाळी पिंपात पाण्यासारखं पातळ असलेलं संध्याकाळी मधासारखं दाट झालेलं मी पाहिलंय. शिवाय माल पूर्ण क्लोराइडमुक्त झाला नाही तर तो आंबट राहतो आणि भिंतीतल्या सळईला गंज आणतो. दरातला फरक काही अंशी इथे दडलेला असतो.

खांडेपारचा_पूल
एवढं सोपं असेल तर सिलिकॉन टेट्राक्लोराइड आणून घरच्या घरी बनवता येणार नाही का? युट्यूबवर करतात.

सिलिकावाला
नाही. मनापासून सांगतो, नका करू. सिलिकॉन टेट्राक्लोराइड हवेतल्या बाष्पाशीच भिडतं, आपल्याकडे जुलैत हवा म्हणजे निम्मं पाणीच, झाकण उघडताक्षणी पांढरा धूर आणि तो धूर म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्ल, थेट फुफ्फुसात. आणखी एक. इथॉक्सीऐवजी मिथॉक्सी असलेला भाऊ, टेट्रामिथाइल ऑर्थोसिलिकेट, त्याची वाफ डोळ्यात गेली तर बुबुळावरच सिलिका धरते, दृष्टी जाऊ शकते, आणि त्रास काही तासांनी जाणवतो त्यामुळे माणूस गाफील राहतो. मिथॉक्सीवाल्या कुठल्याही सिलेनमधून मिथेनॉल सुटतं, ते विषारी. म्हणून घराच्या भिंतीसाठी घेताना डब्यावर इथॉक्सी आहे ना हे बघून घ्या.

कुळागर
वाचतोय सगळं. मी सावईवेऱ्याचा, वय सत्तरच्या पुढे. माझं म्हणणं असं की चिरा उघडा ठेवायचा दगडच नव्हे. ओल्ड गोव्याच्या बॉम जेझू चर्चचं बघा, १६०५ सालची इमारत, साडेतीनशे वर्षं गिलाव्याखाली राहिली, पोर्तुगीजांच्या शेवटच्या दशकात जुनं दिसावं म्हणून गिलावा उतरवला आणि तेव्हापासून चिरा पावसाला उघडा पडला तो पडलाच. आमचे आजे शिंपल्यांचा चुना भाजून गिलावा करायचे, झिजला की परत लावायचा, दर दोन-चार वर्षांनी पांढरी करायची. रसायन लावून भिंतीचं काही बिघडलं तर ते काढणार कसं?

सिलिकावाला
@कुळागर काका, तुमचा शेवटचा प्रश्न अगदी वर्मावरचा. काढता येत नाही. दगडाशी जुळलेला बंध सोडवायचा म्हणजे दगडच सोडवायचा. म्हणून जुन्या स्मारकांवर असं काही मारायच्या आधी जाणकार दहादा विचार करतात आणि मी पण चुन्याच्या गिलाव्यालाच पहिली पसंती देईन. ताईंच्या घरी गिलावा शक्य आहे का?

बांदोड्याची_लेक
काका, सर, गिलाव्याचा विचार झाला होता. पण त्या भिंतीत आजोबांनी स्वतः कोरून घेतलेल्या दिवल्यांच्या कोनाड्यांची ओळ आहे, दिवाळीला तिथे पणत्या लावतो, आई म्हणते ते चिरे झाकायचे नाहीत. म्हणून हा सगळा खटाटोप.

पेडणेकर_मेस्त
आमचं घराणं गवंड्यांचं. पाण्यात मिसळायचं जे स्वस्तातलं सिलिकोन म्हणतात ते आम्ही दोन ठिकाणी मारलं होतं. एका ठिकाणी ॲल्युमिनियमच्या खिडक्यांवर उडालं, चट्टे पडले ते गेलेच नाहीत, काचेवर पण धुरकट डाग. भिंतीवर पांढऱ्या रेघा उठल्या. माझ्या पोराच्या हाताची कातडी सोलली. ते काय असतं मग?

सिलिकावाला
@पेडणेकर_मेस्त दादा, ते पोटॅशियम मिथाइल सिलिकोनेट. मिथाइल सिलेनला कॉस्टिक पोटॅशमध्ये विरघळवलेलं, पीएच १३ च्या वर, म्हणजे जवळजवळ कॉस्टिकच. हवेतला कार्बन डायऑक्साइड लागला की त्यातून पाणी झटकणारं रेझिन वेगळं होतं आणि सोबत पोटॅशियम कार्बोनेट हे मीठ उरतं, तुम्ही पाहिलेल्या पांढऱ्या रेघा त्याच्या. ॲल्युमिनियम आणि काच दोन्हींना कॉस्टिक खातं. ते रसायन वाईट नाही, विटांच्या कारखान्यात चालतं, पण ज्या भिंतीत आधीच लोणा आहे तिथे आणखी मीठ घालायचं म्हणजे दुखण्यावर दुखणं. ताईंचा स्वस्तातला दर बहुधा याचाच. हातमोजे आणि चष्म्याशिवाय पोरांना हात लावू देऊ नका दादा, कुठलंही असो.

आता चिऱ्याबद्दल. सिलेनबद्दलची बहुतेक माहिती काँक्रीटवरची आहे आणि चिरा काँक्रीट नव्हे. चिऱ्यात लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं, केओलिनची माती, थोडी गारगोटी. या लोह-ॲल्युमिनियमच्या पृष्ठभागावर पण ओएच असतात, त्यामुळे सिलेन धरतं. पण काँक्रीट आणि चुना आम्लारी, तिथे सिलेनची क्रिया झपाट्याने होते, चिरा मात्र उदासीन किंवा किंचित आम्लाकडे. (आपल्या विद्यार्थिनीने सांगितलेला फरक तो हाच.) सिलेनची फोड पीएच ७ च्या आसपास सगळ्यात मंद. मग लहान हलका सिलेन असेल तर धरायच्या आधीच मार्चच्या उन्हात उडून जातो. म्हणून चिऱ्यावर आठ कार्बनची शेपटीवालं जड सिलेन, त्यात थोडं सिलोक्झेन, आणि शक्यतो क्रीम, म्हणजे ते तासन्‌तास भिंतीवर बसून आत मुरत राहील.

दुसरा मुद्दा जो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि जो कोणी सांगत नाही, छिद्रांचा आकार. सिलेन लावलेल्या पृष्ठभागावर पाण्याचा स्पर्शकोन, म्हणजे थेंबाच्या कडेचा दगडाशी होणारा कोन, ९० अंशांच्या वर जातो, समजा ११०. ९० च्या खाली असताना बारीक छिद्र पाणी आत ओढतं, वर गेला की तेच छिद्र पाण्याला बाहेर ढकलतं. किती जोराने? एक मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) त्रिज्येचं छिद्र पाच मीटर उंच पाण्याचा दाब थोपवतं. ०.१ मिलिमीटरचं पाच सेंटीमीटर. एक मिलिमीटरचं फक्त पाच मिलिमीटर. आता ताशी १०० किलोमीटरचा वारा भिंतीवर आदळतो तेव्हा तो पाण्याला चार-पाच सेंटीमीटर उंचीइतक्या दाबाने रेटतो. म्हणजे ०.१ मिलिमीटरपेक्षा मोठ्या भोकांत वादळी पाऊस शिरणारच, कितीही महागडं सिलेन लावा. आणि आपला चिरा तर मधमाशीच्या पोळ्यासारखा, बोट जाईल अशी भोकं. त्यामुळे आधी भोकं आणि सांधे चुना आणि चिऱ्याच्या भुग्याने भरून घ्या, ते सुकू द्या, मग सिलेन. सिलेन बारीक छिद्रं सांभाळेल, भोकं मेस्तानेच सांभाळायची.

पर्वरीकर
+१००. सरांच्या या पोस्टची प्रिंट काढून साइटवर लावणार आहे. एक भर, लोणा असलेल्या भागाला तसंच सिलेन लावलं तर मीठ थराच्या मागे आतच स्फटिक होऊन बसतं आणि दगड फोडतं. आधी साध्या पाण्यात भिजवलेल्या कागदाच्या लगद्याचा लेप द्या, सुकला की काढा, मीठ लेपात येतं. दोन-तीन वेळा. आणि जुना कोट काढताना ग्राइंडर नको, आम्ल तर मुळीच नको, चिऱ्याला हवेत घट्ट झालेली वरची पाठ असते ती गेली की खाली मऊच.

शेवटचं_वर्ष
ताई, मापायची एक सोपी युक्ती आहे. आमच्याकडे कार्स्टन नळी आहे, काचेची, एका टोकाला वाटीसारखं तोंड. ती पुट्टीने भिंतीला चिकटवायची, पाणी भरायचं आणि किती मिनिटांत किती उतरतं ते बघायचं. दहा सेंटीमीटरचा स्तंभ म्हणजे ताशी साधारण १४० किलोमीटरच्या वाऱ्याइतका दाब. मी रविवारी फोंड्याला येतेच, घेऊन येऊ का?

बांदोड्याची_लेक
ये गं, नक्की ये, जेवायलाच ये. आईला सांगून ठेवते.

बांदोड्याची_लेक (सात आठवड्यांनी)
मंडळी, उशिरा लिहितेय पण सगळं करून लिहितेय.

जुना कोट आम्ही गरम पाणी आणि काथ्याच्या ब्रशने काढला, अकरा दिवस लागले. लगद्याचे लेप तीन वेळा दिले, तिसऱ्या वेळी लगदा जवळजवळ स्वच्छ निघाला. पेडणेकर दादांनी सांगितल्याप्रमाणे सांधे जुन्या पद्धतीने भरून घेतले, भुगा आमच्याच पडलेल्या चिऱ्यांचा. क्रीम इथॉक्सीवालंच घेतलं, डब्यावरचं वाचून. सगळी भिंत न करता सरांच्या सांगण्यावरून आधी न्हाणीमागचा एक कोपरा केला, तीन चौकोन: एक काहीच न लावलेला, एक नुसती भोकं भरलेला, एक भोकं भरून सिलेन लावलेला. लावताना क्रीम पांढरं दिसतं, संध्याकाळपर्यंत दिसेनासं होतं, अल्कोहोलचा वास दोन दिवस होता. दोन आठवडे तसंच ठेवलं.

मग नळी लावली. काहीच न लावलेल्या चिऱ्यावर पाच मिली पाणी चार मिनिटांत गडप. भोकं भरलेल्यावर अकरा मिनिटं. सिलेनवाल्यावर वीस मिनिटांत अर्धा मिलीसुद्धा नाही, आम्ही तिघी नळीकडे बघत बसलो होतो. पण मुद्दाम एका न भरलेल्या भोकावर सिलेन लावून नळी लावली तर दोन मिनिटांत रिकामी! सरांचा हिशेब अगदी तंतोतंत.

एक शंका राहिली. भिंत जानेवारीपासून सुकतेय पण कोनाड्यांच्या आत अजून गार लागतं. थांबू का?

सिलिकावाला
थांबा. ओल्या छिद्रात सिलेन आत जात नाही, वरच्यावरच धरून बसतं. कोनाड्यात रात्रभर पॉलिथिनचा तुकडा चारी बाजूंनी चिकटवून ठेवा, सकाळी आतून दव दिसलं तर अजून ओल आहे. शिगम्यानंतर परत करून बघा, एप्रिलच्या मध्यापर्यंत वेळ आहे. भर उन्हात लावू नका, संध्याकाळी चारनंतर, आणि लावल्यावर निदान दोन दिवस पाऊस नको. वरची थेंब उभे राहण्याची गंमत उन्हाने काही वर्षांत ओसरेल, त्याने घाबरू नका, आतलं सिलेन उन्हापासून लपलेलं असतं, ते काम करत राहतं. शंका आलीच तर नळी.

कुळागर
पोरी, तीन चौकोनांचा फोटो टाक. आणि पहिल्या पावसानंतरचाही.

बांदोड्याची_लेक
टाकते काका. आज सकाळी कोनाड्यातला पॉलिथिन काढला, डावीकडचे तीन कोरडे, उजवीकडच्या दोघांत अजून दव आहे. उजवीकडे वर बघितलं तर एक कौल सरकलेलं दिसलं. उद्या मेस्त येतोय.

पर्वरीकर
बघा, पावळी म्हटलं होतं ना. वाशाचं टोक पण तपासून घ्या, कुजलं असेल तर कौल परत सरकेल.